दीड सूत वाकडं

आम्ही जालन्यात या कॉलनीत राहायला आलो, त्या दिवशी शेजारचे उत्तमकाका सोळुंके पट्टी घेऊन भेटायला आले. सहा इंची, स्टीलची, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी. त्या पट्टीनं त्यांनी दारावरची आमची पाटी मोजली आणि ती डावीकडे दीड सूत कलली आहे, असं सांगितलं. एका इंचात आठ सूत असतात, हेही सांगितलं. मी म्हटलं, दिसायला तर बरोबर दिसते. "नजर फितूर असती मॅडम, पट्टी न्हाई," असं म्हणून काका घरी स्क्रूड्रायव्हर आणायला गेले.

काका पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे. निवृत्तीनंतर नकाशे सुटले, पट्टी सुटली नाही. मग ती सापडेल त्यावर फिरू लागली. दोरीवरचे कपडे, दारातल्या कुंड्या, वर्तमानपत्राच्या घड्या. एकदा आमच्याकडे थालीपीठ खाताना, त्याचं भोक मधोमध नाही, हे त्यांनी माझ्या लक्षात आणून दिलं. मी त्यांना दुसरं थालीपीठ वाढलं नाही.

अशा माणसाची बायको कशी असावी? शकुंतलाकाकू कुंभार पिंपळगावच्या. जन्मभर गोधड्या शिवल्या, पण एकदाही काही मोजलं नाही. हाताला येईल तो तुकडा उचलायचा, दोनदा फिरवून पाहायचा आणि लावून टाकायचा. जांभळ्याशेजारी पोपटी, फुलांशेजारी पट्ट्या. विचारलं तर म्हणायच्या, "तुकडाच सांगतो कुठं बसायचं ते."

निवृत्त होऊन घरी बसल्यावर काकांनी हे काही महिने सोसलं. मग जाहीर केलं की आपण स्वतः एक शिस्तीची गोधडी करणार. आलेख कागदावर नकाशा झाला. लांबीला सहा इंचाचे बारा चौकोन, म्हणजे बरोबर सहा फूट. जुनी धोतरं, शर्ट, लुगडी, सगळं पट्टी लावून कापलं. महिनाभर शिवत होते. गोधडी झाली आणि फूटभर आखूड निघाली. पांघरली की काकांची पावलं बाहेर.

प्रत्येक चौकोनाचा दोन्ही कडांनी अर्धा-अर्धा इंच शिवणीत जातो, हे ते विसरले होते. आयुष्यभर कालवे काढले, आणि कालव्याला काही शिवण लागत नाही. एक खण, लुगड्याचा काठ, पिठाच्या पिशवीचं कापड असं काहीबाही जोडून काकूंनी पायथ्याला एक पट्टा लावून दिला. काका दोन दिवस त्या पट्ट्याकडे बघेनात. तिसऱ्या दिवशी त्यांनी गोधडी मोजली. "बराबर सहा फूट आली," हे त्यांनी मला तक्रार केल्यासारखं सांगितलं.

तेव्हापासून वाटणी ठरली. गोधडीचं मधलं अंगण काकांचं, चौकोनांचं. कडेचं काकूंचं, मनाला येईल तसं. वरचे टाके मात्र दोघं समोरासमोर बसून घालायचे, एक ओळ त्यांची, एक ओळ यांची. भांडण रोजचं होतं, आणि मला वाटतं, त्यासाठीच दोघं शिवायला बसत.

मागच्या वर्षी काकूंना अर्धांगाचा हलका झटका आला. बोलणं सावरलं, चालणं सावरलं, उजवा हात तेवढा कच्चा राहिला. लेकीसाठी शिवायला घेतलेली गोधडी अर्धी झाली होती. काकूंनी तिच्यावर एक ओळ घातली आणि सुई खाली ठेवली ती ठेवलीच. मी खूप समजावलं. त्या म्हणाल्या, "त्यांच्या सरळ वळी अन् मधी माझी ही थरथरती. कोणालाबी दिसंल, आजारी माणसाचा हात कुठं लागलाय ते. मी आता न्हाई शिवत."

डॉक्टरांनी हात चालू ठेवा म्हणून बजावलं होतं. पण काकू दिवसभर तो हात मांडीवर घेऊन बसून असायच्या, दुसऱ्याचा असावा तसा. मला ते बघवत नव्हतं.

एका दुपारी डबा परत द्यायला गेले तर काका ओट्यावर एकटेच गोधडी घेऊन टाके उसवत होते. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, काका, काकूंची एक ओळ तुम्हाला खपली नाही? आत काकूंचा डोळा लागला होता, म्हणून त्यांनी मला हळू बोलायला सांगितलं.

ते स्वतःच्याच ओळी उसवत होते. शेजारी वही होती. तिच्यात काकूंच्या त्या ओळीचं माप होतं, टाक्यागणिक: एक सूत वर, दीड सूत खाली, मधे एक लांब. त्या मापानं त्यांनी कापडावर खडूनं वाकडी रेघ आखली होती, आणि तिच्यावरून एक नवी ओळ घातलीही होती.

"हात सरळच जाऊन राह्यला मेला," ते म्हणाले. "वाकडं जमतच न्हाई. मंग मोजून घेतलं."

मी खाली बसले. मला माझी लाज वाटली, आणि या माणसाचा फार लोभ वाटला. तेवढ्यात काकू उठून बाहेर आल्या. काकांनी वही माझ्याकडे सरकवली, मी ती डब्याखाली घेतली. काकूंनी गोधडी मांडीवर ओढली आणि डाव्या हाताचं बोट आधी आपल्या ओळीवरून, मग त्यांच्या नव्या ओळीवरून फिरवलं. दोन-तीनदा फिरवलं.

"तुमचाबी हात कापून राह्यला का?"

"वय झालं," काका म्हणाले.

काकूंनी बोटाला लागलेला खडू पदराला पुसला. मग उजवा हात उचलून त्यांच्यापुढे धरला आणि म्हणाल्या, "सुई ओवून द्या."