शंभर टक्के आबाजी

दहिवलीच्या आपल्या दवाखान्यात डॉक्टर निलेश ठोंबरे सकाळपासून एका जागी बसले नव्हते. खुर्चीतून उठायचं, खिडकीपर्यंत जायचं, घड्याळ बघायचं, परत बसायचं. संध्याकाळी पाचच्या आत त्यांना एका फॉर्मवर खूण करायची होती. रक्तदाबाच्या पेशंटना गोळीची आठवण करून देणारं एक ॲप तालुकाभर द्यायचं ठरलं होतं. पाचांतलं कुठलं द्यायचं हे ठरवण्याचं काम, ‘तुम्ही तरुण आहात, तुम्हाला मोबाईलमधलं कळतं’ या एकाच पात्रतेवर, त्यांच्या गळ्यात पडलं होतं.

चार ॲप बाद झाली होती. एक फक्त इंग्रजीत बोलायचं. दुसरं रेंज गेली की गोळ्यांची यादीच विसरायचं. तिसरं गोळीची आठवण देता देता गुडघेदुखीचं तेल विकायचं. चौथ्याने पेशंटची माहिती कुणाकुणाला देणार हे सतरा पानांत लिहिलं होतं, आणि डॉक्टरांनी तिसऱ्या पानावर हात टेकले. उरलं पाचवं. ते मराठीत बोलायचं, फुकट होतं, आणि गेले तीन महिने कोंडाण्याच्या आबाजींच्या मोबाईलवर चाचणीला होतं. आबाजींचा अहवाल झकास होता. नव्वद दिवस, नव्वद गोळ्या, शंभर टक्के.

घोळ एवढाच होता की आबाजींचा रक्तदाब एकशे नव्वदच्या खाली उतरायला तयार नव्हता.

“नव्वद गोळ्या घेऊन फरक नाही म्हणजे औषध कमी पडतंय,” डॉक्टर नर्स रोहिणीला म्हणाले. “आता डोस दुप्पट करू, आणि वर आणखी एक गोळी. उद्या आशाताई कोंडाण्याला जातील, त्यांच्याबरोबर चिठ्ठी पाठवून द्या.”

“एकदम एवढं, सर? प्रेशर धाडकन उतरून बांधावरनं पडले तर?”

“ॲप सांगतंय ना, घेतायत म्हणून.”

म्हणाले खरे, पण रोहिणीचं म्हणणं डोक्यातून जाईना. म्हातारा माणूस, एकटा शेतावर जाणारा. डॉक्टर पुन्हा खिडकीपर्यंत जाऊन आले.

एक चाचणी अजून राहिली होती. धोक्याचा आकडा टाकला तर ॲप काय करतं? डॉक्टरांनी दवाखान्याचा मोबाईल घेतला आणि त्यात स्वतःचंच नाव पेशंट म्हणून नोंदवलं, गोळीची वेळ म्हणून सुचेल ती, दुपारी साडेबाराची टाकली. पुढच्या पानावर ॲपने जवळच्या माणसांचे नंबर मागितले. बाहेर एक पेशंट खोकून खोकून बेजार झाला होता. डॉक्टरांनी मोबाईल रोहिणीच्या हातात दिला आणि “भरा हो तेवढं” म्हणत बाहेर धावले.

त्या मोबाईलमध्ये पेशंटांशिवाय कुणाचाच नंबर नव्हता. रोहिणीने थोडा विचार केला. पेशंट हीच माझी माणसं, असं सर प्रत्येक शिबिरात माईकवर सांगत. तिने ‘सगळे निवडा’ दाबलं.

डॉक्टर परत आले, आबाजींचाच एकशे नव्वदचा आकडा टाकला आणि वाट बघत बसले. ॲपने त्यांना एका शब्दाने काही सांगितलं नाही. त्याने तीनशे बारा माणसांना सांगितलं, ‘डॉ. निलेश ठोंबरे यांचा रक्तदाब धोकादायक आहे. ताबडतोब मदतीला जा.’

मिनिटभरात फोन वाजला.

“डाक्तर हायत का गेलं?” पलीकडून कुणी बाई विचारत होती.

“मीच बोलतोय.”

“मंग ठेवा फोन, बोलू नका. आमी निघालोच.”

आजाऱ्याला भेटायला जायचं म्हटल्यावर आमच्याकडे हातचं काम टाकून निघतात, आणि रिकाम्या हाताने कुणी जात नाही. अर्ध्या तासात दवाखान्यासमोर दोन टेंपो लागले. टेबलावर शहाळी, मोसंबी आणि बिस्किटांच्या पुड्यांचा ढीग झाला. बातमी येता येता वाढली होती. दहिवलीत डॉक्टरांना चक्कर आली होती, कर्जतच्या बाजारात त्यांचं तोंड वाकडं झालं होतं, आणि खालापुरात तर त्यांना पनवेलला हलवलंसुद्धा होतं.

“अहो, मी ठणठणीत आहे,” डॉक्टर दारात उभं राहून ओरडले. “ती चाचणी होती.”

“पयलं पयलं असंच वाटतं,” जमलेल्यांतला शुक्रा म्हणाला. सहा महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी त्याला हेच सांगितलं होतं. “निजा बगू. मीठ बंद करा.”

“टेन्शन घ्यायचं नाय,” अंबाबाई म्हणाली. “तुमीच सांगता ना आमाला?”

दोघा-तिघांनी धरून त्यांना तपासणीच्या टेबलावर आडवं केलं. उठायला गेले की कुणीतरी खांदा दाबायचं. घड्याळात बारा वाजत आले होते, फॉर्म तसाच पडला होता, आणि डॉक्टरांचा जीव खालीवर होत होता. तेवढ्यात गर्दी सारून आबाजी आत आले. त्यांच्या हातात फळंबिळं काही नव्हतं. एक प्लॅस्टिकचा डबा होता.

“तुमचं कळलं आन् जेवायचा थांबलो नाय,” ते धापा टाकत म्हणाले. “ह्या घ्या. तुमाला आता लागतील.”

डॉक्टरांनी डबा उघडला. आत गोळ्यांच्या पट्ट्या रबराने नीट बांधून ठेवल्या होत्या. एकही गोळी फोडलेली नव्हती. डॉक्टरांनी मोजल्या. नव्वद भरल्या.

“आबाजी, तुम्ही घेतल्याच नाहीत?”

“कशा घेनार? तुमीच म्हनलात, गोळी जेवल्यावर. ह्यो मोबाईल वाजतो सकाळी आठला. आमी शेतावरनं येऊन जेवतो अकराला.”

“मग ‘घेतली’ कोण दाबतं?”

“मीच. दाबल्याबिगर गप बसत नाय. आन् दाबलं की आतली बाई शाब्बास म्हनते.” आबाजी जरा लाजले. “घरात कोन म्हनतंय?”

डॉक्टरांनी पट्ट्या परत डब्यात ठेवल्या. उद्या ती चिठ्ठी कोंडाण्याला गेली असती, आणि चुकून एखाद्या दिवशी आबाजींनी त्यातल्या सगळ्या गोळ्या एकदम इमानाने घेतल्या असत्या तर? त्यांनी रोहिणीकडून चिठ्ठी मागून घेतली आणि फाडली. मग गर्दीला हात जोडून बाहेर काढलं, आपला जेवणाचा डबा उघडला आणि आबाजींना समोर बसवलं.

“आधी जेवा. मग पहिली गोळी माझ्यासमोर. आणि उद्यापासून गजर अकराला.”

दोघं एकाच डब्यातली भाकरी आणि वालाची भाजी खाऊ लागले. सकाळपासून पहिल्यांदाच डॉक्टर एका जागी बसले होते. इतक्यात दवाखान्याचा मोबाईल केकाटायला लागला. ॲपच्या लेखी डॉक्टरही आता पेशंट होते आणि त्यांच्या गोळीची वेळ झाली होती. डॉक्टरांचा उजवा हात भाजीत होता. तोंडातला घास चावता चावता त्यांनी डाव्या अंगठ्याने ‘घेतली’ दाबलं. मोबाईल गप बसला.

“शाब्बास, डॉक्टर निलेश,” आतली बाई म्हणाली. “शंभर टक्के.”

आबाजींचा घास हातातच राहिला. त्यांनी टेबलावर बघितलं, टेबलाखाली बघितलं, मग डॉक्टरांच्या तोंडाकडे बघितलं.

“कंची घेतली?” त्यांनी विचारलं.

डॉक्टर उठले. त्यांनी हात धुतले, फॉर्म पुढे ओढला आणि पाचव्या ॲपवरही काट मारली.