बद्रान उस्तादांची पंधरा मिनिटे

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास अलेक्झांड्रियातील एका सरकारी नोंदणी कार्यालयाच्या प्रतीक्षागृहात उस्ताद शफीक बद्रान आपले ऊद नावाचे तंतुवाद्य मांडीवर घेऊन बसले. त्यांच्या अंगरख्याच्या खिशात त्यांच्या प्रशिक्षणवर्गाच्या संचालिका इंजीबाईंनी दिलेला एक कोरा अर्ज होता, आणि त्या अर्जावर दुपारी दोनच्या आत या कार्यालयाचा शिक्का उमटणे हे त्यांच्या उरलेल्या आयुष्याच्या दृष्टीने अत्यावश्यक होते.

छत्तीस वर्षे लग्नमंडपांतून वादन करणाऱ्या उस्तादांना अलीकडे कोणी बोलावीत नसे. मंडपांत आता ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभ्या राहत, आणि त्यांच्यापुढे एका ऊदाचे काय चालणार? अशा वेळी सांस्कृतिक भवनात ‘कठीण काळातील कलावंतांचे व्यावसायिक उन्नयन आणि सामाजिक प्रयोजन’ या नावाचा सहा आठवड्यांचा वर्ग निघाला. उत्तीर्ण होणाऱ्यास शाळेत संगीतशिक्षकाची जागा मिळणार होती. शेवटचा पाठ असा, की जिथे माणसे त्रस्त असतील असे स्थळ शोधावे, पंधरा मिनिटे वाजवून त्यांचा त्रास हलका करावा आणि तसा शिक्क्याचा दाखला गुरुवारी दोनच्या आत भवनात आणून द्यावा. उशीर करणाऱ्याची जागा यादीतल्या पुढच्याला. बाकीच्यांनी रुग्णालये निवडली. ओळखपत्राच्या नूतनीकरणासाठी गतवर्षी तीन महिने खेटे घातलेल्या शफीक यांना मात्र त्रस्त माणसे कुठे असतात याविषयी संदेह नव्हता.

निघताना पत्नी सनिय्या एवढेच म्हणाली होती, “पंधरा म्हणजे पंधरा हं. तुमच्या पंधरा मिनिटांत आपल्या लग्नाचं जेवण गार झालं होतं.”

कार्यालयाच्या प्रमुख नाहिद हानिम यांनी कामात व्यत्यय येऊ नये या अटीवर अनुमती दिली. शफीक यांनी डोळे मिटून मंद आलाप आरंभिला. दुसऱ्याच स्वरसंगतीला, निवृत्तिवेतनाच्या कामासाठी आलेले वृद्ध कोळी हाजी मुतवल्ली यांनी “अल्लाह” असा दीर्घ निःश्वास टाकला आणि म्हणाले, “उस्ताद, ते जरा परत.”

इथेच घात झाला. श्रोत्याने ‘परत’ म्हटल्यावर पुढे जाणे म्हणजे पानावरच्या पाहुण्याला उठवणे, असे शफीक यांना त्यांच्या वडिलांनी शिकवले होते. सहा आठवड्यांच्या वर्गाने तो संस्कार पुसला गेला नव्हता. त्यांनी तीच स्वरसंगती निराळ्या वाटेने पुन्हा आणली. आता ‘परत’ म्हणणारे सात झाले.

तीन क्रमांकाच्या खिडकीतून कारकून अब्दुल मकसूद यांनी कालपासून चालत आलेल्या रांगेतला एकशे तेरावा क्रमांक पुकारला. तो उम्म शादिया या फळविक्रेतीचा होता. ती जागची हलली नाही.

“थांब रे बाबा,” ती म्हणाली, “अजून समेवर कुठं आलेत ते? मधूनच उठू?”

अब्दुल मकसूद यांना हे पटले. किंबहुना इतके पटले, की थोड्या वेळाने ते हातात शिक्का घेऊन खिडकीबाहेर आले आणि काचेमागे निम्मेच ऐकू येते अशी तक्रार करून हाजींच्या शेजारी बसले. वाटसरूही दारात थबकू लागले. क्रमांकावाचून कोणालाही आत सोडू नये असा पहारेकऱ्याला आदेश असल्याने तो कर्तव्यनिष्ठ मनुष्य प्रत्येकाच्या हाती एकेक क्रमांक देऊ लागला.

साडेबारा वाजता नाहिद हानिम बाहेर आल्या. सकाळपासून नऊ कामे झाली होती, आणि रांग एकशे शहाऐंशीवर पोहोचली होती. त्यांनी वादन थांबवले. शफीक यांनी लज्जित होऊन अर्ज पुढे केला.

“सही मी करते,” हानिम शांतपणे म्हणाल्या. “शिक्का खिडकीत मिळेल. क्रमांक घ्या.”

त्यांना एकशे सत्त्याऐंशी मिळाला.

लोक भले होते. उस्तादांनी वाजवीत राहावे, आपण त्यांना पुढे सरकवू, असे अनेकांनी सुचवले. पण ऊद सुरू झाला की शिक्का थांबणार, हे आता शफीक यांनाही उमगले होते. त्यांनी ऊद खोळीत घातला. तत्क्षणी प्रतीक्षागृह पूर्ववत झाले: कोपरे लागू लागली, कोणी कोणाचा बाप काढला, आणि तासाभरात एकशे चोविसाव्यापर्यंत मजल गेली.

दीड वाजला. नोकरी डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या हाती जात होती. शफीक यांनी जन्मात कोणापुढे हात पसरला नव्हता. ते हाजींजवळ गेले आणि खालच्या आवाजात सर्व सांगितले.

हाजी काठी टेकून उठले. “ऐका रे,” ते म्हणाले, “या माणसाला पंधरा मिनिटंच वाजवायचं होतं. उरलेलं आपण मागून घेतलं. आता आपण आपापला नंबर द्यायचा.”

मग एकेक हात वर झाला. फक्त एका वकिलाने आपले काम तातडीचे असल्याचे सांगितले. उम्म शादियाचे काम केव्हाच झाले होते. पुन्हा वादन होईल या आशेवर ती बसून होती.

“दादा,” ती म्हणाली, “सकाळी ‘परत, परत’ करणाऱ्यांत तुमचाच आवाज मोठा होता. तेव्हा कुठं गेली होती तातडी?”

वकील बाजूला झाले. शिक्का उमटला. अर्जातला ‘उपस्थितांच्या वर्तनात कोणता बदल आढळला?’ हा रकाना नाहिद हानिम यांनी स्वहस्ते भरला, आणि शफीक टॅक्सीने धावले.

दोनला दोन मिनिटे असताना इंजीबाईंनी तो रकाना वाचला: ‘बासष्ट नागरिकांनी स्वेच्छेने आपला क्रमांक दुसऱ्यास दिला. माझ्या एकतीस वर्षांच्या सेवेत असे कधी घडले नाही. उस्तादांना या कार्यालयात पुन्हा पाठवू नये.’

इंजीबाईंनी तो दोनदा वाचला. मग यादीत शफीक यांच्या नावापुढे शाळेचे नाव लिहिले. वेळापत्रकात मात्र त्यांचा तास त्यांनी विचारपूर्वक दिवसातला शेवटचा ठेवला.