आईंचं विरजण आणि ग्रीसचं उत्खनन

“तू निर्धास्त जा गं! घर म्हणजे तरी काय? एक प्रोसेस!”

डेट्रॉईटच्या विमानतळावर दिगंबरने बायकोला हे इतकं ठणकावून सांगितलं, की शेजारच्या रांगेतली माणसंही वळून बघायला लागली. मोटारींच्या ब्रेकची क्वालिटी तपासणारा माणूस तो. ब्रेक लागला नाही तर का लागला नाही, हे शोधण्यात त्याचा जन्म गेलेला. असल्या माणसाला घर सांभाळणं म्हणजे किस झाड की पत्ती!

शैलजा सहा आठवड्यांसाठी ग्रीसला निघाली होती. फिरायला नव्हे, शिकायला! नागपूरला तिचं इतिहासाचं एम.ए. अर्ध्यावर सुटलं, कारण दिगंबरला व्हिसा मिळाला. मग डेट्रॉईटजवळचं हे नोव्हाय गाव, मग लेक अनिका, मग अनिकाची शाळा, कथक, पोहणं, कॉलेज. अनिका नोकरीला टेक्सासमधल्या प्लेनोला गेली आणि शैलजाने गुपचूप इथल्या कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं. उन्हाळ्यात तिथली मुलं उत्खनन शिकायला ग्रीसला जातात. सगळी विशीतली पोरं, आणि पन्नाशी ओलांडलेली ही एकटी.

निघायच्या आधी तिने जाणं रोज एकदा कॅन्सल केलं. “माझ्या गुडघ्यांना झेपेल का? त्या पोरांत मी कशी दिसेन? आणि तुमच्या जेवणाचं काय?”

दिगंबरला पुरतं ठाऊक होतं. घरातून नुसती शिंक ऐकू आली, तरी ही बाई पुढच्या विमानाने परत येईल आणि पुन्हा जन्मात जाणार नाही. म्हणून त्याने मनाशी ठरवलं होतं, की काहीही होवो, शैलजाला परत फिरावंसं वाटेल असं काही तिच्या कानावर जाऊ द्यायचं नाही.

जाताना तिने एकच बजावलं. “बाकी काही नाही केलंत तरी चालेल. विरजण तेवढं जपा. आईंचं आहे.”

आई म्हणजे दिगंबरची आई, रत्नाबाई. सून अमेरिकेला निघाली तेव्हा त्यांनी सुती रुमाल दह्यात बुडवून, कडकडीत वाळवून तिच्या पर्समध्ये घातला होता. इथे आल्यावर तो दुधात भिजवून शैलजाने दही लावलं, आणि त्याच दह्याचा वंश आजतागायत घरात नांदत होता. रत्नाबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांनी अमेरिका कधी पाहिली नाही, पण एके काळी नोव्हायच्या निम्म्या मराठी घरांत त्यांचंच दही लागत होतं.

सुरुवातीचे दिवस झकास गेले. दिगंबर सकाळी चहा घेता घेता व्हिडिओ कॉल करी, तेव्हा तिकडे दुपार असे. शैलजाच्या डोक्यावर टोपी, नाकाला माती, हातात खापराचा तुकडा!

“अहो, हे बघा! हजारो वर्षांपूर्वीचं मडकं आहे! आमच्या बाई म्हणतात, यात दूध नाहीतर दही ठेवत असणार!”

दिगंबरला तो कौलाचा तुकडा वाटे. बघत तो राही बायकोच्या चेहऱ्याकडे. साखरपुडा झाल्यावर तिने त्याला नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे तिथल्या म्युझियममध्ये, जुनी नाणी दाखवली होती, तेव्हा तिचा चेहरा असाच होता. मधली सगळी वर्षं तो कुठे गेला होता कोण जाणे.

मग दही संपत आलं. दिगंबरने थर्मामीटर लावून दूध कोमट केलं. होतं नव्हतं तेवढं सगळं विरजण त्यात घातलं, एक चमचाही बाजूला ठेवला नाही. घरात एसीचा गारवा, म्हणून शैलजासारखंच पातेलं ओव्हनमध्ये ठेवून आतला दिवा तेवढा लावला. इथवर शंभरपैकी शंभर मार्क!

संध्याकाळी ऑफिसातून आला तो भुकेने कासावीस. फ्रीझरमधून पिझ्झा काढला आणि ओव्हन तापायला लावला!

वास आला तेव्हा फार उशीर झाला होता. पातेल्यात जे काही होतं ते दही नव्हतं, पनीर नव्हतं, आणि खरवस तर नव्हताच. दिगंबरने चमच्याने तळ खरवडून पाहिला, वाचवण्याजोगं काही उरलं नव्हतं. आई दुसऱ्यांदा गेली, आणि या वेळी आपल्या हातून, असं त्याला वाटलं.

पण रडत बसायला सवड कुठे होती? सकाळी शैलजा विचारणार, दही लागलं का? त्याने एक वाटी उचलली आणि थेट शेजारच्या रवींद्रचं घर गाठलं. दार त्याच्या बायकोने, वीणाने उघडलं.

“वीणा, थोडं विरजण मिळेल? आमच्या आईचं?”

“अहो, रवींद्रचं कोलेस्टेरॉल वाढलं ना! आमच्याकडे आता बदामाचं दूध. पण शैलजा ठेवून गेली असेल की.”

“ठेवलं होतं. मी जाळलं.” दिगंबरचा आवाज घोगरा झाला. “प्लीज, शैलजाला यातलं काही कळवू नका. काहीही झालं तरी ती परत येता कामा नये!”

वीणाचा हात तोंडावर गेला. दिगंबरचं लक्ष नव्हतं, तो पुढच्या घराकडे निघालाही होता. तिथे अपर्णा म्हणाली, “आमचं भारतात गेलो तेव्हाच खराब झालं. दुकानातलं ग्रीक योगर्ट घाला ना!”

“ग्रीसचं नावही काढू नका!” दिगंबर कळवळून ओरडला.

झालं! हातात वाटी घेऊन दारोदार फिरणारा नवरा, ग्रीसला गेलेली बायको आणि ‘ती परत नको’. एवढ्या सामानात नोव्हायच्या मंडळींनी अख्खी मालिका रचली. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. सकाळी दिगंबर दार उघडतो तो पायरीवर डबेच डबे! पाठोपाठ रवींद्र आला आणि त्याला धरून कोपऱ्यापर्यंत चालवत घेऊन गेला.

“बोल यार. मनात ठेवू नकोस.”

“अरे, विरजण जळलं माझ्या हातून!”

“वीणा म्हणालीच होती. माणूस मूळ दुःख बोलत नाही, असलंच काहीतरी धरून रडतो.”

“अरे, पण दुःखच विरजणाचं आहे!”

“हो, हो.” रवींद्रने त्याची पाठ थोपटली. “माझ्या ओळखीचा एक वकील आहे. घाई करू नकोस, पण नंबर असू दे.”

दिगंबर घरी येतो तोच अनिकाचा फोन. “बाबा, आर यू गाइज ओके? वीणा मावशीने सांगितलं मला. आय जस्ट कॉल्ड आई!”

संपलं! आता बाई बॅग भरत असणार. घाईघाईने त्याने व्हिडिओ कॉल लावला. शैलजा एका झाडाखाली टब घेऊन बसली होती आणि टूथब्रशने खापरं घासत होती.

“शैलजा, तू येऊ नकोस! लोक काहीही बोलतात! फक्त विरजण गेलं. ओव्हनमध्ये होतं, मी पिझ्झा लावला. पण तू यायचं नाहीस!”

ब्रश थांबला. “आईंचं विरजण? सगळं?”

“सगळं.”

तिचे डोळे भरून आले. तिने मनगटाने नाक पुसलं, त्याने नाकाला आणखी माती लागली.

“मला खूप रडायचंय हो. पण आत्ता नाही. एवढी टोपली धुवून द्यायची आहे, बाई थांबल्यात.”

“आणि तिकीट?”

“कसलं तिकीट? अनिकाला म्हटलं मी, येत नाही म्हणून.” ती जरा घुटमळली. “अहो, तुम्हाला सांगायचा धीरच होत नव्हता. ही खापरं जुळवायच्या कामाला बाईंनी मला थांबतेस का विचारलं. मी हो म्हणून बसले. सप्टेंबरपर्यंत. तुमची गैरसोय होईल ना?”

“छे, छे! गैरसोय कसली?”

फोन ठेवून दिगंबर स्वयंपाकघरात उभा राहिला. तिला परत यावं लागू नये म्हणून तो वाटी घेऊन गावभर हिंडला होता. तिला परत यावंसंच वाटणार नाही, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. त्याला आनंद झाला, अगदी मनापासून झाला. तरी ते जळकं पातेलं त्याने उगाचच पुन्हा एकदा घासायला घेतलं.

बेल वाजली. दारात रवींद्र, हातात आणखी एक डबा.

“लागला का फोन? काय म्हणाली?”

“नाही येत म्हणाली,” एवढंच दिगंबर बोलू शकला, आणि त्याला खरोखरच रडू फुटलं.

रवींद्रने डबा खाली ठेवला आणि त्याला घट्ट मिठी मारली. खरं काय ते सांगायला दिगंबरने तोंड उघडलंही. पण कितीतरी वर्षांत त्याला असं कोणी कवटाळलं नव्हतं. त्याने तोंड मिटलं आणि डोकं रवींद्रच्या खांद्यावर टेकवलं.

“रड मित्रा, मोकळा हो,” रवींद्र म्हणाला. “पण वांगी गरम आहेत तोवर खाऊन घे.”

दिगंबर पोटभर रडला, आणि मग त्याने वांगीही पोटभर खाल्ली.