मेहुण्याचा ट्रक

त्या शनिवारी वेंडेल हॉस्टेटलरला छपराची पन्हळ साफ करायची होती. त्याच्या बायकोनं, लोरीननं, सकाळी पार्लरला जाताना शिडी स्वतः बाहेर काढून भिंतीला लावून ठेवली होती, म्हणजे 'शिडी सापडली नाही' असं म्हणायला नवऱ्याला जागाच नको. वेंडेल तिसऱ्या पायरीवर चढला आणि खिशातला फोन वाजला. नाही उचलला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण उंचीला घाबरणाऱ्या माणसाला अशा वेळी कुणाचाही फोन देवासारखा वाटतो.

फोन रॉस्कोचा होता. रॉस्को म्हणजे लोरीनचा धाकटा भाऊ. वय एकोणपन्नास, लग्नं दोन, घटस्फोट दोन. नोकऱ्या मोजायचं घरच्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं.

"वेंडेल, राजा, नोकरी लागली! घरोघरी पार्सलं पोचवायची. फक्त गाडी आपली हवी म्हणतात. माझी गाडी तर तुला माहीतच आहे."

वेंडेलला ती चांगलीच माहीत होती. तिचं मागचं दार दोरीनं बांधलेलं असे आणि वळण आलं की शेजारी बसलेल्यानं मागे हात करून ते धरायचं असे.

"शोरूमला चाललोय. तू नुसता सोबत ये. तुझ्यासारखा शहाणा माणूस बरोबर असला की ते लोक फसवत नाहीत."

झेनिया गावच्या पाणीपुरवठा कार्यालयात वेंडेल तेवीस वर्षं खिडकीमागे बसून बिलं थकवणाऱ्यांना नळ तोडायच्या नोटिसा देत होता. त्या खिडकीपाशी लोक त्याला पुष्कळ काही म्हणत, पण 'शहाणा' कुणी म्हटलेलं त्याला आठवत नव्हतं. तो शिडीवरून उतरला.

लग्नाच्या दिवशी चर्चमधून बाहेर पडल्यावर लोरीननं त्याला एकच गोष्ट बजावली होती. "रॉस्कोला जेवायला घाल, झोपायला सोफा दे, वाटलं तर तुझा कोटही दे. पण त्याच्यासाठी कुठल्या कागदाला हात लावू नकोस." वेंडेलनं हे एकतीस वर्षं पाळलं होतं. (मुख्यतः कुणी कागद पुढे केला नव्हता म्हणून.)

शोरूममध्ये स्किप नावाचा माणूस होता. त्याचे दात इतके पांढरे होते की वेंडेल बोलताना त्यांच्याकडेच बघत राहिला. ते दोघं आले होते कोपऱ्यातली एक जुनी, करड्या रंगाची, छोटी गाडी बघायला.

"ती? घ्या ना, जरूर घ्या," स्किप म्हणाला आणि मयताला आल्यासारखा गप्प उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "पार्सलं जरा दाबून बसवावी लागतील, एवढंच. तुम्ही तो नारिंगी ट्रक बघितलात का?"

ट्रक न बघणं अशक्य होतं. त्याची चाकं वेंडेलच्या छातीपर्यंत येत होती. रॉस्को त्याच्याभोवती तीनदा फिरला, आणि चौथ्यांदा फिरायला लागला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते.

"केवढ्याला?" वेंडेलनं विचारलं. (त्या दिवसातलं त्याचं हे एकमेव शहाणपणाचं वाक्य.)

"किमतीचं सोडा हो," स्किप म्हणाला. "महिन्याला किती जमेल तेवढं सांगा. बाकी सगळं मी बसवतो."

त्यानं ते खरोखरच बसवलं. आतल्या खोलीत बसून त्यानं ट्रकला गंज न चढण्याचा लेप बसवला, चावी हरवली तर विमा बसवला, टायरांचा विमा बसवला आणि सगळ्यात शेवटी वेंडेलला खुर्चीवर बसवलं. रॉस्कोचं नाव संगणकात घातल्यावर त्यानं पडदा आपल्याकडे वळवून घेतला, डॉक्टर वाईट एक्स-रे वळवतात तसा.

"इथे एक छोटीशी सही मिस्टर हॉस्टेटलर यांची लागेल."

"माझी? ती कशाला?"

"नुसती सोबत म्हणून. तुम्ही यांना ओळखता ना?"

"ओळखतो."

(ओळखतो म्हणूनच तर उठून जायला हवं होतं.)

रॉस्को त्याच्याकडे बघत होता. त्या नजरेत लोरीन होती. तेच तपकिरी डोळे, तीच किंचित वर चढलेली डावी भुवई. वेंडेलला त्या भुवईला नाही म्हणायची सवय नव्हती. त्यानं सही केली. एक नाही, एकोणीस केल्या. दोरीनं बांधलेली जुनी गाडी स्किपनं चारशे डॉलरला ठेवून घेतली आणि दोघं ट्रकमधून बाहेर पडले. रॉस्कोनं गावभर हॉर्न वाजवला.

पन्हळ साफ झाली नाही म्हणून लोरीन संध्याकाळी थोडं बोलली. ते वेंडेलनं मान खाली घालून ऐकलं. खरं सांगायची ती चांगली वेळ होती. पण लोरीन लगेच पार्लरचं बोलायला लागली.

ती ज्या पार्लरमध्ये एकोणीस वर्षं लोकांचे केस धूत, कापत आणि रंगवत होती, त्याच्या मालकीणबाई मिसेस प्रूइट निवृत्त होत होत्या. पार्लर विकायचं तर आधी लोरीनला विचारायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. बँक कर्ज द्यायला तयार होती, फक्त दोघा नवराबायकोच्या नावावर. लोरीननं फ्रिजवर भिंतींच्या रंगांच्या सात नमुन्याच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या आणि रोज फ्रिजमधून दूध घेताना एकेक बाद करत होती.

"हलका हिरवा," ती म्हणाली. "हिरव्या भिंतीत बायका तरुण दिसतात. वेंडेल, मी पन्नाशी उलटल्यावर मालकीण होणार रे."

वेंडेल म्हणाला, "हिरवा छानच."

बुधवारी ऑफिसात स्किपचा फोन आला. "मिस्टर हॉस्टेटलर, जरासा घोळ झालाय. शनिवारचं कर्ज बँकेनं नाकारलं."

वेंडेलला खुर्चीतून उडी मारावीशी वाटली. "म्हणजे ट्रक परत?"

"छे, छे! ट्रक कशाला परत? मी दुसरी बँक शोधलीय. व्याज जरा जास्त आहे. म्हणून मुदत वाढवून सात वर्षं केली, म्हणजे तुम्हाला ओझं नको."

"आम्ही ट्रकच परत देतो. रॉस्कोची जुनी गाडी द्या."

"ती विकली."

"ती? ती कुणी घेतली?"

"जगात सगळ्या गाड्यांना गिऱ्हाईक असतं," स्किप मायेनं म्हणाला. "ट्रक परत दिलात, तर चार दिवस चालवल्याचं भाडं आणि लेपाचे पैसे भरावे लागतील. लेप काढता येत नाही ना."

जेवणाच्या सुट्टीत जाऊन वेंडेलनं पुन्हा सह्या केल्या. या वेळी त्या तेवीस होत्या. चार का वाढल्या हे त्यानं विचारलं नाही. आपलं सँडविच मात्र तो तिथेच विसरून आला.

पहिला हप्ता रॉस्कोनं भरला आणि फोन करून कळवलंही. नंतर त्याचा फोन आलाच नाही. वेंडेलनं केला तर रॉस्को म्हणे, "ट्रक चालवतोय, नंतर बोलतो." मग हप्ता थकल्याची पत्रं वेंडेलच्या नावानं यायला लागली. ती लोरीनच्या आधी टपालपेटीतून काढायची म्हणून तो रोज दुपारी ऑफिसातून घरी पळायचा. लोरीन दुपारी जेवायला घरी येई; तिला वाटलं, याला आपल्याबरोबर जेवावंसं वाटतंय. तिनं दोनदा त्याच्यासाठी सूप करून ठेवलं. ते वेंडेलनं पत्रं खिशात लपवून उभ्याउभ्याच संपवलं.

पार्लरच्या कर्जासाठी बँकेची भेट मंगळवारी होती. लोरीननं लग्नाच्या वाढदिवसाला घेतलेला निळा कोट घातला होता. टेबलापलीकडच्या बाई चष्मा लावून कागद वाचत होत्या.

"पगार ठीक. घराचं कर्ज ठीक. आणि या ट्रकचं काय?"

"कसला ट्रक?" लोरीन हसली. "आमच्याकडे एक म्हातारी ब्यूक गाडी आहे."

"वाहनकर्ज, सात वर्षांचं. दोन हप्ते थकलेत."

"ते आमचं नव्हे. दुसरा कुणी हॉस्टेटलर असेल. या भागात खंडीभर आहेत. वेंडेल, सांग ना बाईंना."

वेंडेल कोपऱ्यातल्या कुंडीकडे बघत होता.

"वेंडेल?"

"ट्रक आपला नाही," तो म्हणाला.

"बघा!" लोरीन बाईंना म्हणाली.

"फक्त कर्ज आपलं आहे."

बाईंनी चष्मा काढला. लोरीनची डावी भुवई हळूहळू वर चढली आणि तिथेच राहिली.

"कागद कुणाच्या नावावर आहेत? ट्रकचे?" बाईंनी विचारलं.

"मेहुण्याच्या."

"म्हणजे ट्रक त्यांचा, आणि हप्ता चुकला की भरायचा तुम्ही. हे तुम्हाला कुणी समजावून सांगितलं नव्हतं?"

"स्किप म्हणाला, सोबत म्हणून."

बाईंनी फाईल मिटली, आणि ती फार हळुवारपणे मिटली. खिडकीमागे बसणाऱ्या वेंडेलला त्या हळुवारपणाचा अर्थ कळत होता. नळ तोडायचा असला की तोही असाच हळू बोलायचा.

लोरीन भांडली असती तर वेंडेलला बरं वाटलं असतं. पण घरी आल्यावर तिनं कोट नीट टांगला, फ्रिजवरची शेवटची हिरवी चिठ्ठी काढली, दोनदा दुमडली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. मग ती न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून बराच वेळ आतच राहिली. वेंडेल दाराबाहेर उभा होता. आत जायची त्याची हिंमत झाली नाही आणि तिथून हलायचीही झाली नाही.

दुसऱ्या दिवशी ती त्याला घेऊन रॉस्कोकडे गेली. नारिंगी ट्रक बाहेरच उभा होता, चकचकीत, लेप लावलेला.

"ताई, माझी काय चूक?" रॉस्को सुरू झाला. "ट्रक एवढं पेट्रोल पितो की दिवसभर पार्सलं टाकून मलाच खिशातले घालावे लागायचे. म्हणून नोकरी सोडली."

"ट्रकसाठी नोकरी सोडलीस?"

"नोकरीसाठी ट्रक घेतला होता, ताई. तो परवडेना म्हणून नोकरी—"

"चावी."

"ती हरवली. पण विमा आहे!" रॉस्को म्हणाला, आणि लोरीनचा चेहरा बघून दुसरी चावी निमूटपणे काढून दिली. ट्रक वेंडेलच्या नावावर करायच्या कागदावरही त्यानं सही केली. आयुष्यात त्यानं वेंडेलला दिलेली ही पहिलीच वस्तू.

ट्रक विकायला ते स्किपकडे गेले. स्किपनं जी किंमत सांगितली, ती कर्जाहून अकरा हजारांनी कमी होती.

"पण असं करू," तो उत्साहानं म्हणाला. "तुम्ही याहून मोठा घ्या. हे अकरा हजार त्यात घालू. महिन्याला जेमतेम—"

"महिन्याला किती म्हणालात?" वेंडेल म्हणाला, आणि लोरीननं त्याला कॉलरला धरून बाहेर काढलं.

थकलेले हप्ते आणि दंड भरायला म्हातारी ब्यूक विकावी लागली. मिसेस प्रूइट दोन महिने थांबल्या, पण बँक काही तयार झाली नाही. जाता जाता त्यांनी लोरीनला मिठी मारली, दोघी रडल्या, आणि पार्लर डेटनहून आलेल्या सव्वीस वर्षांच्या केलिननं घेतलं. केलिननं भिंती काळ्या केल्या. लोरीनला तिनं कामावर ठेवून घेतलं. एवढी वर्षं केस कापणारी बाई सोडतं कोण?

आता घरात गाडी एकच. रोज सकाळी वेंडेल बायकोला ट्रकमधून पार्लरवर सोडतो. आधी स्वतः उतरायचं, मग मागच्या बाजूनं स्टूल काढायचं, ते तिच्या दाराखाली ठेवायचं आणि ती उतरेपर्यंत धरून उभं राहायचं, कारण ते डुगडुगतं. या ट्रकचे हप्ते अजून सहा वर्षं सात महिने चालायचे आहेत. लोरीन आता त्याच्याशी बोलते. कामापुरतं बोलते, पण बोलते.

परवा केलिन नेमकी दारातच उभी होती. नारिंगी ट्रक बघून तिनं टाळ्याच वाजवल्या. मग तिची नजर स्टूल धरून वाकलेल्या वेंडेलवर गेली.

"अय्या, किती गोड! लोरीन, हे तुझे मिस्टर का?"

लोरीननं स्टुलावरून खाली पाय टाकला, पर्स खांद्याला लावली आणि वेंडेलकडे एकदा नीट बघून घेतलं.

"नाही," ती म्हणाली. "हे माझ्या भावाचे जामीनदार."