सात नंबरची खाट

नवीन नियम आल्यापासून सर्जरी शिकणाऱ्या डॉक्टरांना चोवीस तास झाले की घरी हाकललं जाई. हाकलण्याचं काम ऑफिसातल्या एका बाईंकडे होतं. त्यांना सगळे घड्याळबाई म्हणत. उशिरा सापडलेल्याला आठवडाभर ऑपरेशन थिएटर बंद.

छोट्या डॉक्टरची सुटी त्या दिवशी दुपारी बाराला होती आणि तीन वाजता हर्नियाचं ऑपरेशन होतं. मोठे सर म्हणाले होते, "हे तू करायचं. मी नुसता उभा राहीन." दोन वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली चिमटे धरल्यावर हे वाक्य ऐकायला मिळालं होतं.

त्याने घरी फोन केला.

"बाबा, जेवायला येत नाही."

"बरं," बाबा म्हणाले. "भाजी दोघांची झालीय." आई जाऊन वर्ष होत आलं, तरी बाबांना एकाच्या भाजीचा अंदाज येत नव्हता.

तीन तास काढायचे कुठे, हा प्रश्न होता. वॉर्डात फिरताना समोरून घड्याळबाईंच्या चपला वाजल्या. सात नंबरची खाट रिकामी होती. तो आडवा झाला, चादर डोक्यावरून घेतली आणि भिंतीकडे वळला. बाई जाईपर्यंतच, असं त्याने ठरवलं होतं. बाई जायच्या आधीच तो झोपला.

सात नंबरचा पेशंट म्हणजे तो हर्नियाच. सकाळपासून उपाशी ठेवल्यामुळे तो वैतागून गुपचूप कँटीनला गेला होता.

पावणेतीनला वॉर्डातले मामा आले. त्यांचीही ड्यूटी संपत आली होती. "सात नंबर ना? चला," असं म्हणत त्यांनी चाकं सोडली आणि खाट थिएटरात नेली.

"पेशंट आला, पण आपला हिरो कुठाय?" सरांनी विचारलं.

भूल देणाऱ्या मॅडमनी चादर वर केली.

"हा काय. भूल मी दिलेली नाही हं. हा घरूनच घेऊन आलाय."

"घरी गेलाच कुठे?" दारातून आवाज आला. घड्याळबाई उभ्या होत्या. पोरगं खरंच झोपलंय ना, हे बघायला त्यांनी त्याच्या घरी फोन लावला होता. बाराला सुटलेला मुलगा घरी पोचलेला नाही हे ऐकून बाबा डबा घेऊन तडक निघाले होते आणि आता बाहेर उभे होते.

"सर, हा ड्यूटीवर सापडला. आठवडा बंद."

"ड्यूटीवर कुठे?" सर शांतपणे म्हणाले. "खाटेवर आहे, म्हणजे पेशंट आहे. थकव्यासाठी अ‍ॅडमिट केलाय मी."

"कधी?"

"आत्ता."

एवढ्यात खरा सात नंबर तोंड पुसत वॉर्डात परतल्याचा निरोप आला. पोटभर जेवून आला होता. मॅडमनी हातमोजे काढले. "उद्या सकाळी."

"मग उद्या हाच करेल," सर म्हणाले. "तोवर याला कुणी उठवायचं नाही."

मामांनी कुरकुरत खाट परत नेली. खऱ्या सात नंबरला आठ नंबरवर ढकलण्यात आलं.

छोट्या डॉक्टरला जाग आली तेव्हा शेजारच्या स्टुलावर बाबा बसले होते. मांडीवर डबा होता.

"बाबा? तुम्ही इथे? माझं ऑपरेशन…"

"उद्या आहे. तूच करणार, म्हणाले तुझे सर. ऊठ, जेव."

त्याने घास घेतला. भाजी खारट होती. त्याने दुसरा घेतला. मग बाबाही त्याच डब्यातून जेवू लागले. बऱ्याच दिवसांनी असं झालं होतं.

"चला बाबा, घरी जाऊ. सरांना डिस्चार्ज द्यायला सांगतो."

बाबांनी हात धुतला. आईच्या आजारपणापासून त्यांना या वॉर्डाच्या वेळा पाठ होत्या.

"राहू दे," ते म्हणाले. "घरी तुझा काही भरवसा नाही. इथे चार ते सहा भेटू तरी देतात."