वांगं पळालं, हूं

या शनिवारी वर्गात सांगायची गोष्ट घरातली असेल, मोबाईलमधली नाही, एवढंच मृणालने ठरवलं होतं. बाकीचं आपोआप होत गेलं.

शाळेत दुसरीचा वर्ग तिच्याकडे होता, पण नोकरी अजून कच्ची होती. ती पक्की करायची की नाही हे बघायला मुख्याध्यापिका दर्शना मॅडम गोष्टीच्या तासाला मागच्या बाकावर येऊन बसणार होत्या. सुशांतने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, मोबाईलवर एक गोष्ट शोधून दिली. त्यात एक ससा शेवटी रोज दात घासायचं कबूल करतो.

"छान आहे की. बोध पण आहे."

"बोधच आहे," मृणाल म्हणाली. (त्या आठवड्यात तोवर तिने घरात बोललेलं हे सगळ्यात लांब वाक्य.)

कारण वर्तकनगरच्या या घरात लग्न होऊन आल्यापासून मृणाल फक्त 'हूं' म्हणत असे. चहा टाकू? हूं. झोप लागली? हूं. पहिल्याच दिवशी सासूबाईंनी, रंगूबाईंनी, विचारलं होतं, "वांगं आवडतं ना गं?" वांगं नुसतं दिसलं तरी तिला कसंतरी व्हायचं. पण अंगावर नवी साडी, समोर सगळं सासर. ती म्हणाली, "हूं." तेव्हापासून भरलं वांगं, वांग्याचे काप, भरीत, आणि रविवारी बदल म्हणून वांगीभात.

शेवटी ती रंगूबाईंकडेच गेली. त्या लसूण सोलत बसल्या होत्या.

"आई, वर्गासाठी एखादी गोष्ट सांगाल?"

"सांगते की. पण आमच्या खडवलीला ऐकणाऱ्याने हूं म्हणायचं असतं. हूं थांबला की गोष्ट थांबली."

"म्हणजे हो म्हणायचं?"

"हो कशाला? हूं म्हणजे जागी आहे, ऐकतेय."

एवढी तयारीची श्रोती रंगूबाईंना उभ्या जन्मात मिळाली नव्हती. गोष्ट वांग्याची होती (दुसरी कशाची असणार?). भरीत व्हायचं नाही म्हणून हिरवी टोपी घालून मळ्यातून पळालेलं वांगं दिसेल त्याला विचारतं, "मला लपवतोस का रे?" शीळफाट्याला ते ट्रॅफिकमध्ये अडकतं. मृणालला त्या वांग्याविषयी मनापासून माया वाटली. पळायचं कसं, हे निदान त्याला तरी कळलं होतं.

शनिवारी तिने मुलांना आधी हूं शिकवला आणि गोष्ट सुरू केली. वर्ग असा काही रंगला! वांगं पळालं, हूं. टेम्पोखाली लपलं, हूं. बाकं हलायला लागली. गोष्ट संपली तरी हूं काही संपेना. तेवढ्यात दर्शना मॅडम उठल्या.

"मुलांनो, गोष्ट आवडली?"

"हूं."

"टीचर रोज गोष्टीच सांगतात?"

"हूं."

"मग पाढे घेतच नाहीत की काय?"

"हूंऽऽ."

मृणाल घाईने पुढे आली. "मॅडम, ते हो नाहीये. हूं म्हणजे नुसतं ऐकतायत."

"म्हणजे माझं बोलणंही नुसतं ऐकतायत?"

"हूं," अख्खा वर्ग म्हणाला.

मॅडमनी ओठ घट्ट मिटले. रागाने की हसू दाबायला, ते मृणालला कळेना. जाता जाता दाराशी थांबून त्या काहीतरी म्हणाल्या. वर्गातल्या हूंमध्ये तिला शब्दही ऐकू आला नाही. घाबरून तिच्या तोंडून जे नेहमी निघायचं तेच निघालं.

संध्याकाळी शाळेच्या ग्रुपवर मॅडमचा मेसेज आला. मृणाल टीचरची नोकरी पक्की. स्नेहसंमेलनात याच गोष्टीचं नाटक, आणि वांग्याचं काम टीचरनी स्वतःहून, आनंदाने स्वीकारलं आहे.

सुशांत सोफ्यावर आडवा झाला. "अगं, तू आणि स्टेजवर? वांगं?"

"हसतोस काय रे?" रंगूबाई म्हणाल्या. त्यांनी कपाटातून जुनं जांभळं नऊवारी लुगडं काढून मृणालच्या खांद्याला लावूनही पाहिलं होतं. "आवडतंच तिला वांगं, म्हणून तर लगेच हो म्हणाली."

आता मात्र सांगून टाकायचं, मृणालने ठरवलं. तिने एक मोठा श्वास घेतला, तोंड उघडलं.

"आज मुद्दाम भरीत करते तुझ्यासाठी," रंगूबाई कौतुकाने डोळे पुसत म्हणाल्या. "करू ना?"

"हूं," वांगं म्हणालं.