आधी वारा बघा

मधुकाका आगाशे कुणाच्याही घरी गेले की दारातच थांबतात, कोटाच्या खिशातून प्लॅस्टिकची एक छोटी बाटली काढतात आणि हवेत फुस्सकन तांदळाची पिठी उडवतात. ती कुठल्या दिशेला जाते ते डोळे बारीक करून पाहतात आणि मगच बूट काढतात. "आधी वारा बघा, मग पाऊल टाका," हे त्यांचं ब्रीदवाक्य. लंडनच्या हॅरोतल्या गणपतीत महाप्रसादाच्या रांगेतही त्यांनी हा प्रयोग केला आणि पिठी पुढच्या बाईंच्या काळ्या पैठणीवर बसली. काकांनी माफी वगैरे मागितली नाही. वारा पश्चिमेचा आहे, एवढंच त्यांना गंभीरपणे कळवलं.

पिनरमध्ये आमची दोन घरं भिंतीला भिंत लावून आहेत. काका कौन्सिलच्या ड्रेनेज खात्यातून रिटायर झालेले. कोव्हिडमध्ये त्यांचं नाक गेलं ते परत आलंच नाही, म्हणून रोज सकाळी कुंपणावरून दुधाची बाटली माझ्याकडे येते. "जरा बघा हो, देशमुख." मी हुंगायचं, मान डोलवायची, मग त्यांचा चहा होतो. आम्ही सुट्टीला गेलो की काका कोरा चहा पितात.

आणि तो कोट. मेण लावलेला, हिरवा, हॅरो-पिनरच्या समस्त मराठी मंडळींच्या ओळखीचा. शैलाकाकू होत्या तेव्हा तो स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेला असायचा. काकू फोडणी घालताना एक्स्ट्रॅक्टर फॅन लावत नसत, त्याच्या आवाजात रेडिओ ऐकू येत नाही म्हणायच्या. त्यामुळे मोहरी, हिंग, लसूण, जे काही तडतडेल ते त्या कोटात जाऊन बसायचं. असला कोट मशीनमध्ये धुता येत नाही. मी एकदा ड्रायक्लीनरचं नाव सुचवलं, तर आठवडाभर कुंपणावरून दूध आलं नाही.

काकू चार वर्षांपूर्वी गेल्या. काकांनी सगळं नीटनेटकं पार पाडलं, डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. भेटायला येणाऱ्यांना ते हवामान सांगायचे. काय झालं, कसं झालं, हे माझी बायको मीनाच सांगायची. अशा घरात त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी पिठलंभात न्यायचा असतो, म्हणून आम्ही तो घेऊन गेलो. काकांनी दारातूनच परत पाठवला. म्हणाले, "कशाला? शैलाने फ्रीजर भरून ठेवलाय."

वडिलांनी जरा घराबाहेर पडावं म्हणून मिल्टन कीन्सला राहणाऱ्या मुलाने, निखिलने, त्या हिवाळ्यात ऑनलाइन एक सहल बुक केली. फोटोत हरीण होतं आणि वाफाळत्या चहाचा मग होता. हे शिकारीचं प्रकरण आहे, वाटाड्याबरोबर जुन्या रानात हरणाच्या मागावर जायचं असतं, हे त्याने वाचलंच नाही. कॉलिन नावाच्या वाटाड्याने हातात रायफल दिली तेव्हा, जन्मात कधी अंडंही न फोडलेल्या काकांनी ती दुसऱ्याचं ओलं झालेलं बाळ परत द्यावं तशी परत दिली. मात्र चालायला तयार झाले.

हरणांना त्या कोटाचा वास लांबूनच लागला आणि सगळा कळप पळाला. कॉलिनचं म्हणणं, या रानात रोज माणसं येतात, कुत्री येतात, त्यांच्या वासाला ही हरणं सरावली आहेत. पण असला वास त्यांच्या सात पिढ्यांनी घेतलेला नाही.

तेव्हापासून काका दर नोव्हेंबरात जातात. कॉलिनकडून पिठीची विद्या शिकले, पण वारा बघून नेमके चुकीच्या बाजूला, वास हरणांकडे जाईल असे, जाऊन उभे राहतात. हरणं पळतात. काका घरी येऊन बर्फी वाटतात. "सगळी पळाली," असं सांगताना त्यांचा चेहरा नातू पास झाल्यासारखा असतो. मंडळात त्यांची भरपूर थट्टा होते. मीही केली आहे.

यंदा काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून गाडी चालवायला मी गेलो.

चिल्टर्न्सच्या टेकड्यांमधलं ते रान किती जुनं आहे ते कॉलिनलाही ठाऊक नव्हतं. त्याच्या आजोबांच्या आजोबांनाही ते जुनंच वाटायचं, म्हणाला. उजाडत होतं. धुकं गुडघ्याएवढं साचलं होतं आणि त्यातून ओकची बुटकी, पोट सुटलेली झाडं हळूहळू वर येत होती. बीच झाडांची पानं इतकी मऊ पडली होती की आपण चालतोय हे पायांना कळत नव्हतं. कुठेतरी थेंब ठिबकत होता. मला शप्पथ वाटलं की मी अजून अंथरुणातच आहे आणि हे सगळं कुणीतरी मला हलक्या आवाजात सांगतंय.

कॉलिनने हात वर केला. पुढच्या मोकळ्या जागेत एक मादी उभी होती, धुक्यात अर्धी बुडालेली. काकांनी पिठी उडवली. पिठी सरळ तिच्या दिशेने गेली. काका हसले आणि थांबले.

मादीने मान उचलली. नाक हलवलं, बराच वेळ आमच्याकडे बघितलं. मग खाली वाकून ती पुन्हा चरू लागली. चरत चरत आणखी जवळ आली, इतकी की तिच्या पापण्यांवरचं दव मला दिसलं. कॉलिनने काकांकडे पाहिलं. काकांनी नकारार्थी मान हलवली आणि त्याने रायफल खांद्यावरून काढलीच नाही. मला इतका आनंद झाला होता की मी काकांचा दंड दाबला.

काकांचा चेहरा पार उतरला होता.

त्यांनी कोटाची बाही माझ्यापुढे धरली. "जरा बघा हो, देशमुख."

मी हुंगलं. मेणाचा वास होता आणि ओल्या पानांचा. बाकी काही नव्हतं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

"येतोय की, काका. हिंगाचा येतोय."

"म्हणून तुम्हाला कधी विचारलं नाही," काका म्हणाले. "दुधाचं तुम्ही खरं सांगता. याचं सांगितलं नसतं. आणि माझं नाक हे असं. हरीण खोटं बोलत नाही हो."

मादी आपल्या वाटेने धुक्यात निघून गेली. कॉलिनने थर्मासमधला चहा ओतला. काकांनी चहाचा मग दोन्ही हातांत धरला, पण घोटभरही प्यायले नाहीत.

परतताना ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. पिनरचा बोर्ड दिसला तसे माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "देशमुख, शैला गेली हो."

सकाळीच घडलं असावं, तसे म्हणाले. मी गाडी कडेला घेतली. काकांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि ते मोठमोठ्याने रडले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसलो. मलाही आवरलं नाही.

घरी आल्यावर मीनाला काय झालं ते सांगितलं. तिने पातेलं चढवलं, लसूण ठेचला, आणि हात पुढे करून एक्स्ट्रॅक्टर फॅन बंद केला.

पिठलंभात घेऊन आम्ही शेजारी गेलो. काकांनी दार उघडलं, ताटाकडे बघितलं आणि "या," म्हणाले. पिठी उडवली नाही. आम्ही दोघं समोर बसून राहिलो आणि काका कोट घालूनच जेवले.